विषय: पुनर्विकास करारातील ‘ग्रीन बिल्डिंग’चे कलम

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कुर्ला (पश्चिम), मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विकासकाने सभासदांना वाटलेल्या करारनाम्याच्या मसुद्यात ‘इमारत लीड गोल्ड दर्जाची असेल’ एवढे एकच वाक्य आहे (लीड म्हणजे पर्यावरणपूरक, अर्थात ‘ग्रीन’ इमारतींना मिळणारे मानांकन). विशेष सर्वसाधारण सभेपुढे मसुदा येण्याआधी ते बदलून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लीडचे मानांकन 110 गुणांचे असते. 60 ते 79 गुणांना गोल्ड, 80 पासून पुढे प्लॅटिनम. पण गुण कशाला मिळतात, हे आवृत्तीगणिक बदलते. एप्रिल 2025 मध्ये पाचवी आवृत्ती आली. तिच्यात साधारण निम्मे गुण कार्बन उत्सर्जन घटवण्याशी जोडले आहेत. सिमेंट आणि लोखंड तयार होतानाच जो कार्बन हवेत जातो, त्याचा हिशेब मांडणे सक्तीचे झाले आहे. जागेला हवामानाचे कोणते धोके आहेत, याचा अभ्यासही सक्तीचा आहे. ज्या आवृत्तीत नोंदणी होते तिचेच नियम प्रकल्पाला लागतात. त्यामुळे करारात पाचव्या आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख हवा.

हा धोक्यांचा अभ्यास कुर्ल्यात तरी कागदावर राहता कामा नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीचे पाणी कुठवर चढले होते हे आपल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. तरीही मसुद्यासोबतच्या नकाशात मीटर रूम, पंप आणि जनरेटर तळघरात दाखवले आहेत! तळघरात पाणी भरले की वीज जाणार, लिफ्ट बंद पडणार, वरच्या टाकीत पाणी चढणार नाही. जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी शिरले तर प्यायचे काय? आज चौथ्या मजल्यावरून वयस्कर माणसांना हात धरून उतरवता येते, विसाव्या मजल्यावरून कसे उतरवणार? ही यंत्रणा पोडियमवर (जमिनीपासून उंच बांधलेल्या मजल्यावर) न्यावी आणि टाकीचे तोंड 2005 च्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच ठेवावे, ही अट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसरे, जाहिरातीत अनेकदा झळकते ते पूर्वप्रमाणपत्र. ते आराखड्यावर मिळते. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर. करारात ‘अंतिम प्रमाणपत्र’ असेच शब्द असावेत आणि ते हाती येईपर्यंत विकासकाने दिलेल्या बँक गॅरंटीचा काही भाग सोसायटीने सोडू नये. रक्कम किती, हे पीएमसी (संस्थेचे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) व वकिलांनी ठरवावे.

ताबा मिळाल्यावर एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) आणि सौर पॅनेल आपल्यालाच चालवायचे आहेत. मेंटेनन्स झेपला नाही तर एसटीपी बंद पडतो आणि फ्लशला पुन्हा पिण्याचेच पाणी जाते. म्हणून दरमहा खर्चाचा अंदाज आणि विकासक किती वर्षे देखभाल करणार, हे दोन्ही लेखी घ्यावे.

असा आग्रह धरला तर वाढीव कार्पेट एरियाला कात्री लागेल, अशी भीती काही सभासदांना वाटते. मला ती समजते. पण वाटाघाटीची वेळ हीच आहे. सह्या झाल्यावर यातले काहीच मागता येणार नाही.

कोणत्या बाबीत किती गुण घेणार, याचा तक्ता विकासकाने भरून द्यावा आणि तो कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा. सभेच्या नोटिशीत हा विषय स्वतंत्र घ्यावा व त्या दिवशी पीएमसीला हजर ठेवावे.

आपला,
बी विंगमधील एक सभासद