कुंचल्यांसकट छापा

मा. संपादक यांस,

रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातली डच चित्रकार युडिथ लेइस्टर हिच्या आत्मचित्रातला (सुमारे १६३०) फक्त चेहरा छापला आहे. खाली ओळ, ‘फ्रान्स हाल्सची शिष्या’. (हाल्स हा त्याच काळातला नामवंत डच चित्रकार.) कात्री चुकीच्या जागी लागली, आणि ओळीला कागदोपत्री आधार नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतला हा कॅनव्हास जेमतेम ७५ बाय ६५ सेंटिमीटरचा. त्यात बघावा तो डावा हात: पॅलेट, फडके आणि मुठीत तब्बल अठरा कुंचले. तैलरंगात काळ्यातला कुंचला पांढऱ्यात गेला की पांढरा मळतो, आणि दर वेळी तो पुसत बसले तर हात थांबतो. म्हणून रंगागणिक वेगळा कुंचला. दिखाऊ आहे तो पोशाख. ती भली मोठी ताठ कॉलर आणि लेसचे कफ घालून कोणी रंगकाम करत नाही. पहिल्या तासातच कफ पॅलेटवर लोळतील. तो थाट गिऱ्हाइकासाठी.

ईझलवर हसरा व्हायोलिनवाला आहे. इन्फ्रारेड तपासणीत त्याच्याखाली बाईचा चेहरा दिसला, बहुधा तिचा स्वतःचाच. बदल धंद्याच्या दृष्टीने चोख म्हणावा लागेल: व्यक्तिचित्र आणि मौजमजेचे दृश्य, दोन्ही माल एकाच चौकटीत.

आता ‘शिष्या’. शैलीत हाल्सची छाप आहे, हे खरे. पण १६३३ पर्यंत ती नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराच्या चित्रकार संघाची सभासद झाली होती आणि पुढे तिच्या हाताखाली विद्यार्थी होते. त्यातला एक हाल्सकडे निघून गेला, तेव्हा १६३५ मध्ये तिने संघाकडे दाद मागितली. (विद्यार्थ्याची नोंद केली नव्हती म्हणून दंड तिलाही झाला.)

ती मागे पडली ती पुढे तिची चित्रे हाल्सच्या नावावर खपली म्हणून. आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या तिच्या एका चित्रावर हाल्सची बनावट सही होती. तिच्या सहीची खरी खूण डच कला-इतिहासकार हॉफस्टेडे डी ग्रूटने १८९३ मध्ये जाहीर केली. ती खूण म्हणजे एकमेकांत गुंतलेली जे आणि एल ही अक्षरे, शेजारी चांदणी. ‘लेइस्टर’ म्हणजे वाट दाखवणारा तारा, म्हणून चांदणी.

दुरुस्ती छापताना चित्र पूर्ण घ्यावे आणि ओळ एवढीच असावी: ‘युडिथ लेइस्टर, आत्मचित्र, सुमारे १६३०, कॅनव्हासवर तैलरंग’.

— एक वाचक