मदत घ्या, पण कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरचे आपल्या पुरवणीतले लेख मी आवर्जून वाचते. मनातले बोला, लाज बाळगू नका, मदत घ्या, हे त्यांत पुन्हा पुन्हा सांगितलेले असते आणि ते सांगायलाच हवे. मात्र मदत घ्यायची असे एकदा ठरले की माणूस अडतो तो पुढच्या पायरीवर. जायचे कुणाकडे, समुपदेशकाकडे की थेरपिस्टकडे? यावर फारसे कुणी लिहीत नाही, आणि चुकीच्या दारात महिनोन्‌महिने कसे जातात ते मी घरातच पाहिले आहे.

माझ्या धाकट्या भावाला गाडी चालवताना एक शंका छळायची. रस्त्यावरच्या खड्ड्यातून चाक गेले की त्याला वाटे, आपण कुणाला तरी उडवले. मग तो गाडी वळवून परत जायचा, रस्ता तपासायचा, घरी आल्यावर बंपर न्याहाळायचा. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. तो एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला. बाई अतिशय मायाळू होत्या. त्या त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेत आणि दर वेळी समजावत, ‘तुमच्या हातून असे काही घडलेले नाही, तुम्ही उलट फार जपून चालवता.’ तो हलका होऊन घरी यायचा आणि रात्री जेवताना आम्हाला विचारायचा, ‘पण खरंच काही झालं नसेल ना?’

ओसीडीत असा दिलासा म्हणजे आगीत तेल. दिलासा मिळाला की भीती घटकाभर ओसरते आणि मन शिकते, की पुन्हा भीती वाटली तर पुन्हा विचारायचे. रस्ता तपासणे आणि ‘काही झाले नाही ना’ असे विचारणे ही एकाच आजाराची दोन रूपे. यावरची थेरपी अगदी उलट्या दिशेने जाते. व्हिक्टर मेयर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तिची पहिली उदाहरणे नोंदवली: ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जायचे आणि नेहमीची तपासणी करायची नाही. पुढे भाऊ ज्या थेरपिस्टकडे गेला, त्यांनी त्याला त्याच रस्त्याने गाडी न्यायला लावली, परत वळायचे नाही या अटीवर. भीती दहापैकी किती, ते तो वहीत लिहायचा. सुरुवातीला नऊ, मग सात, मग चार. आम्हालाही सांगितले होते की त्याने विचारले तर उत्तर द्यायचे नाही. ‘तुला शंका येतेय हे कळतंय, पण मी सांगणार नाही,’ एवढेच म्हणायचे. सख्ख्या भावाला असे सांगताना जीव तुटतो, पण गुण आला तो यानेच.

यावरून समुपदेशन दुय्यम, असे कुणी समजू नये. जवळचे माणूस गेले, नोकरी सुटली, संसारात खटके उडू लागले, एखादा मोठा निर्णय घेता येईना, अशा वेळी बऱ्याचदा समुपदेशनच हवे. काही भेटी, समोर एकच प्रश्न, नीट ऐकणारे माणूस. शोक हा आजार नव्हे, त्याच्यावर लगेच निदानाचा शिक्का मारण्याची घाई मला घातक वाटते. पण दुःखाचे कारण सरले तरी दुःख हटत नाही, तोच त्रास वर्षानुवर्षे नवे रूप घेऊन येतो, अचानक छातीत धडधडून दरदरून घाम फुटतो, जुना आघात स्वप्नांत छळतो, तेव्हा त्या त्रासावरची ठरावीक उपचारपद्धती शिकलेला थेरपिस्टच गाठावा. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, साधारण १२ ते २० सत्रांची असते. तिच्यात घरी करायचा अभ्यास असतो आणि प्रगती मोजली जाते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर उदासी, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असे असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. थायरॉइड कमी पडल्यानेही असेच वाटू शकते. भास होत असतील, किंवा झोपेची गरजच उरली नाही इतका उत्साह चढत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे यांना पर्याय नाही. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर कोण बरे, कोण नको, या विचारात एक दिवसही घालवू नये. जवळच्या माणसाला सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

दारावरच्या पाटीवरून फारसे कळत नाही. अनेक देशांत, अगदी ब्रिटनमध्येही, ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: तुमचे प्रशिक्षण कशातले? असा त्रास असलेल्यांसोबत काम केले आहे का? नेमके काय कराल, आणि उपयोग होतोय की नाही हे केव्हा बघायचे? माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा निघाला तर कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाने कुणी दुखावले, तर मी तिथे दुसऱ्यांदा जाणार नाही.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: आपुलकी, ध्येयावर एकमत आणि करायच्या कामावर एकमत. भावाला त्या बाईंकडे पहिली गोष्ट भरभरून मिळाली. तिसरीचा मात्र तिथे विषयच निघाला नाही.

पुरवणीत ‘मदत घ्या’ असे छापताना शेजारी एक छोटी चौकट द्यावी, अशी माझी विनंती आहे. कोणत्या त्रासाला कोणता उपचार आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी आणि अधूनमधून पुन्हा छापावी.

आपली,
एक नियमित वाचक