ताई, जनरल रजिस्टरच्या उताऱ्याबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक असूनही हे पत्र उघडपणे लिहिते आहे. माझ्यासारख्या शिक्षकांच्या, मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या ते वाचनात यावं, एवढाच हेतू. तुमचं नाव घालत नाही. ज्या मुलामुळे आपली गाठ पडली त्याचं नाव, गाव, इयत्ता यांतलंही काही लिहीत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंत: विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाची, ओळख कुठेही उघड करायची नाही, वर्तमानपत्रात नाही आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

मोबाइल चोरीच्या प्रकरणात आमच्या शाळेतला तो मुलगा सापडला, त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. बाल न्याय मंडळावर, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळावर, सदस्य म्हणून काम केलेल्या बाई, एवढीच माहिती. मी वकील कोणता गाठायचा हे विचारत होते आणि तुम्ही मध्येच थांबवून म्हणालात, "वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळेल. आधी शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा." कागदोपत्री त्याचं वय १८ लिहिलं गेलं होतं, म्हणजे त्याला मोठा माणूस धरलं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी क्लार्ककडून रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, मागवलं. कडा झिजलेलं, कापडी पाठीचं जाड पुस्तक, जन्मतारीख आकड्यांत आणि खाली अक्षरांत. मुलगा १६ वर्षांचा होता. वयाचा वाद आला तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघायचं, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, हा क्रम कायद्यातच आहे. इतकी वर्षं त्या रजिस्टरवर सह्या करत आले, पण त्यातल्या एका ओळीवर पोराचं पुढचं आयुष्य ठरू शकतं हे त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाले आपले रविवार. मी प्रश्नांवर प्रश्न विचारत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी नुसतं सांगत बसण्यापेक्षा हे बघू आणि मग बोलू," आणि 'जुवेनाइल जस्टिस' लावलीत. २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेली दहा भागांची कोरियन मालिका. न्यायाधीश शिम उन-सोक, म्हणजे अभिनेत्री किम हे-सू, बालगुन्हेगारी विभागात रुजू होते आणि बेधडक सांगते की मला बालगुन्हेगारांची घृणा आहे. पहिलंच प्रकरण अंगावर येणारं. १३ वर्षांचा मुलगा पोलीस ठाण्यात येऊन खुनाची कबुली देतो. कोरियात १४ वर्षांखालच्या मुलाला फौजदारी शिक्षा होत नाही, आणि ते त्याला चांगलं माहीत असतं. बालन्यायालय देऊ शकतं ते पहिल्यापासून दहाव्यापर्यंतचे आदेश. पहिला म्हणजे पालकांच्या ताब्यात देणं, दहावा म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षं सुधारगृहात.

मी त्या वाक्यावरच अडकले होते. मुलांची घृणा करणारी बाई त्यांचा न्याय करणार? तुम्ही रिमोटने मालिका थांबवलीत. "ती काय म्हणते ते बाजूला ठेवा. करते काय ते बघा." आणि खरंच, अख्ख्या मालिकेत सगळ्यांत जास्त खपते ती हीच. फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचते. घटनास्थळी स्वतः जाते. मुलाच्या घरी काय चाललंय ते बघते. तिच्या शेजारी चा ते-जू हा दुसरा न्यायाधीश, मायेचा, लहानपणी स्वतः सुधारगृहातून गेलेला. मालिका दोघांपैकी कुणालाच खोटं ठरवत नाही, हे मला फार आवडलं.

तुमचा आक्षेप मात्र ठाम होता. कोणताही न्यायाधीश असा पुराव्यामागे रस्त्यावर धावत नाही आणि धावूही नये, कारण जो तपास करतो त्यानेच निकाल द्यायचा नसतो. मग तुम्ही एका वहीच्या पाठीमागे आपल्या मंडळाची रचना काढून दाखवलीत. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यात निदान एक स्त्री. घरी जाऊन मुलाची परिस्थिती बघून सामाजिक तपासणी अहवाल लिहिणारा परिविक्षा अधिकारी. "ही बाई एकटी जे करते ते आपल्या कायद्याने चौघांना वाटून दिलंय. पण त्यांना मुलाची माहिती देणार कोण? त्याला रोज बघणारं माणूस. म्हणजे तुम्ही."

ताई, या एका वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटून मी काय सांगायचं, हे तुम्ही शिकवलंत. "मुलगा गुणी आहे" हे सांगून काही होत नाही. हजेरीपट घेऊन जा. कोणत्या महिन्यापासून दांड्या सुरू झाल्या? त्या महिन्यात घरी काय घडलं? शाळेबाहेर त्याच्याबरोबर कोण असायचं? त्याचा कोणता शिक्षक त्याला ओळखतो? हे सगळं त्या अहवालात गेलं. त्याहून जास्त लिहायची मला मुभा नाही.

मंडळाची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उंच व्यासपीठ नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. एक लांब टेबल, सगळ्यांच्या खुर्च्या एकाच पातळीवर. त्या मुलाची आई कॅरीबॅगेत कागद घेऊन बसली होती आणि बोलायची वेळ आली तशी उठून उभी राहिली. सदस्य बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि त्या स्वतः पुढे झुकून ऐकू लागल्या. अशी खोली नियमानेच ठरवलेली आहे, हे तुम्ही आधी सांगितलं होतंत म्हणून मीही घाबरले नाही.

आणखी एक गोष्ट. शिम उन-सोक निकाल देताना मृत मुलाचा फोटो समोर ठेवते आणि आरोपींना त्याच्याकडे बघायला लावते. तो प्रसंग झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "ज्या बाईंचा फोन गेला त्यांना कुणी भेटलं का?" कुणीच भेटलं नव्हतं. तक्रार मागे घ्या असं चुकूनही म्हणायचं नाही, फक्त ऐकून या, अशी ताकीद देऊन तुम्ही मला पाठवलंत. भाजी विकणाऱ्या त्या बाई घराच्या ओट्यावर बसून माझ्याशी तासभर बोलल्या. फोनपेक्षा त्यातल्या नातवाच्या बारशाच्या फोटोंचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा सगळा महाराष्ट्र का पेटला, हे मला त्या ओट्यावर नीट समजलं. सोसणाऱ्याचं कुणी ऐकलंच नाही असं वाटलं, की मुलाला दिलेली प्रत्येक संधी लोकांना अन्याय वाटू लागते. तुम्ही दोन्हीकडचं बघता. असं बघणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

शाळेत त्याचं नाव कमी करायची भाषा चालू होती. तुम्ही स्वतः आलात, कुणावर आवाज चढवला नाहीत. कलम २४ वाचून दाखवलंत: अशा प्रकरणात दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे मुलाला कशासाठीही अपात्र ठरवू नये, असं कायदा म्हणतो. मग चौकशी चालू असताना दाखला हातात देणारे आपण कोण? नाव पटावर राहिलं. मंडळाने त्याला पालकांकडे सोपवून परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवलं, समुपदेशनही लावलं.

शेवटचे भाग बघताना तुम्ही गप्प होतात. ना गुन-ही ही ज्येष्ठ न्यायाधीश म्हणते की प्रकरणं इतकी आहेत, बालन्यायालयात वेगच महत्त्वाचा. शिमच्या स्वतःच्या मुलाचा जीव गेला ते प्रकरण तिनेच मिनिटांत उरकलेलं असतं. आपल्याकडे चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. तुम्ही एवढंच म्हणालात की घाई आणि रखडणं, दोन्हींत मूल हरवतं. मंडळावर असताना तुम्ही काय काय सोसलं असेल ते मी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचं आहे.

आता एक विनंती. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनी तुम्हाला बोलवायचं ठरवलंय. वयाचे पुरावे, शाळेने द्यायची माहिती, ओळख गुप्त ठेवणं, एवढे तीनच विषय. मालिकेतला एखादा प्रसंग दाखवायचा असेल तर तो तुम्ही निवडा. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल, रविवारी मी तुमच्याकडेच येणार आहे. तारीख कळवा.

तुमची कृतज्ञ,
एक शिक्षिका