दम्याच्या मुलांना मैदानाबाहेर बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत दमा असलेल्या मुलांची हिवाळ्यात काळजी कशी घ्यावी यावर लेख आला होता. धूळ, धूर आणि फटाक्यांबद्दलचा मजकूर उपयोगी आहे. शेवटी मात्र ‘धावपळीचे खेळ टाळावेत’ असा सल्ला एका ओळीत उरकला आहे. त्याला माझी ठाम हरकत आहे. मी मुलांच्या श्वसनविकारांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. अशी एखादी ओळ पालक कापून ठेवतात, शाळेत नेऊन दाखवतात आणि मग ते मूल वर्षानुवर्षे पी.टी.च्या तासाला इतरांची दप्तरे राखत बसते.

दमा म्हणजे श्वासनलिका आकसणे, एवढेच आपण धरून चालतो. पण श्वास आत ओढण्याचे काम स्नायूंचे. त्यातला मुख्य म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधले घुमटाकार श्वासपटल. ते आकसून खाली सरकले की फुप्फुसांत हवा शिरते. दमा आटोक्यात नसला की आत गेलेली हवा अरुंद नळ्यांतून पुरती बाहेर पडत नाही. छाती फुगलेलीच राहते आणि श्वास घेण्याआधीच श्वासपटल अर्धवट सपाट होऊन बसते. कोपर पूर्ण दुमडलेला असताना भरलेली बादली आणखी वर ओढायला गेलो तर दंडात जोर उरत नाही, तशी त्याची गत होते. मग मूल खांदे उचलून, मानेच्या स्नायूंवर श्वास ओढू लागते. गळ्याखालचा तो आत ओढला जाणारा खड्डा दम्याच्या मुलांच्या आयांना चांगला ठाऊक असतो.

श्वास ओढण्याचा हा जोर यंत्रावर मोजता येतो. दमा असलेल्या प्रत्येक मुलात तो कमी निघतो असे मुळीच नाही. आजार आटोक्यात असलेली, खेळती मुले बऱ्याचदा बरोबरीच्या मुलांइतकाच जोर लावतात. काळजी करायची ती ज्यांचा दमा मोकाट आहे, ज्यांना वारंवार पोटातून स्टेरॉइड घ्यावे लागते आणि ज्यांना बसवून ठेवले आहे अशा मुलांची.

बसवून ठेवण्याचे नुकसान मला सर्वांत जास्त छळते, कारण ते आपण आपल्या हातांनी करतो. न खेळणाऱ्या मुलाचे पाय, हृदय, श्वासाचे स्नायू असे सगळेच मागे पडते. मग दोन जिने चढले तरी धाप लागते. घरच्यांना वाटते, दमा वाढला. खेळणे आणखी कमी होते, वजन वाढते आणि त्या वजनामुळे दमा खरोखरच हाताबाहेर जाऊ लागतो. ही धाप दम्याची की सराव नसल्याची, हे पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणाऱ्या लहानशा नळीवर, बऱ्यापैकी कळते. धावण्यापूर्वी फुंकर मारून आकडा लिहून ठेवायचा आणि थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघायचा. व्यायामाने उठणारा दमा बहुधा थांबल्यानंतरच जोर धरतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. आकडा साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरला तर नळ्या आकसल्या आहेत. तेव्हा डॉक्टरांना भेटून औषध नीट बसवून घ्यावे. आकडा जागेवर असेल तर त्या मुलाला खेळ हवा आहे.

२०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने दमा आणि व्यायाम या विषयावरच्या २१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आठ वर्षांपुढील मुले व मोठी माणसे त्यात होती. नियमित व्यायामाने शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली आणि दमा बिघडला नाही, असे त्यातून दिसले. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनचा (धावणे, उड्या, फेकी अशा सात प्रकारांची स्पर्धा) ७२९१ गुणांचा विक्रम करणाऱ्या जॅकी जॉयनर-कर्सी यांना दमा होता. तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही.

श्वासाचे स्नायू बळकट करणारी उपकरणेही असतात. त्यांतल्या झडपेचा अवरोध मुलाच्या कमाल जोराच्या ३०-४० टक्क्यांवर ठेवून रोज सराव करून घेतात. श्वास ओढण्याचा जोर त्याने वाढतो. पण दम्याचा त्रास त्यामुळे किती कमी होतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून मी ते निवडक मुलांनाच देते. करोनाकाळात घरोघर आलेले तीन चेंडूंचे यंत्र वेगळे. त्यात अवरोध ठरवून देता येत नाही, त्यामुळे या कामासाठी ते घेऊन देऊ नये. त्यापेक्षा दोरीवरच्या उड्यांची दोरी आणावी.

क्रीडाशिक्षकांना काही सांगायचे आहे. थंड, कोरडी हवा भरभर तोंडाने ओढली की नळ्यांचे अस्तर सुकते आणि त्या आकसतात. म्हणून पहिली दहा मिनिटे हलके पळणे, मध्ये चालणे, पुन्हा थोडे पळणे अशी तयारी करून घ्यावी. अशा तयारीनंतर पुष्कळ मुलांच्या नळ्या काही काळ कमी आकसतात. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाच्या १०-१५ मिनिटे आधी पंप (इनहेलर) घेऊ द्यावा. कबड्डी आणि खो-खो या मुलांना सोसतात, कारण त्यांत जोर थोडा वेळ लागतो आणि मध्ये उसंत मिळते. सलग लांब पळणे त्यांना जड जाते. केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेत शाळकरी मुलांची जी चाचणी होते, तिच्यातले ६०० मीटर अंतर धावत किंवा चालत पार करायचे असते, हे लक्षात ठेवून त्या मुलाला मध्ये चालू द्यावे, त्याचे नाव वगळू नये. खेळताना घरघर लागली तर मात्र लगेच थांबवावे, बसवून पंप द्यावा आणि आराम पडेपर्यंत जवळून हलू नये.

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे जाळलेल्या उसाच्या पाचटाचा धूर गावावर पसरलेला असतो. नेमक्या याच दिवसांत शाळांचे क्रीडामहोत्सव असतात आणि सराव सकाळी सातला ठेवतात. त्या दिवसांपुरता सराव उन्हे वर आल्यावर घेतला तर दमा नसलेल्या मुलांनाही बरेच वाटेल.

आणि पंप मुलाच्या खिशात असावा. कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेला पंप वेळेला सापडत नाही. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. त्यातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट नळ्यांत जाते. मात्र खेळाआधीचा डोस सोडून, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आराम देणारा पंप लागत असेल किंवा मूल रात्री खोकून उठत असेल, तर रोजचे प्रतिबंधक औषध कमी पडते आहे किंवा ओढण्याची पद्धत चुकते आहे. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) न लावता घेतलेल्या पंपाचे बरेचसे औषध घशातच राहते.

पुढच्या पुरवणीत त्या एका ओळीची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती. जिल्ह्यातल्या शाळांनीही प्रवेशअर्जात दम्याची नोंद, औषधाचे नाव आणि डॉक्टरांची लेखी सूचना मागून घ्यावी व तिची प्रत क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. यंदाचे क्रीडामहोत्सव सुरू होण्यापूर्वी एवढे सहज होऊ शकते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, कराड (जि. सातारा)