होडीवाल्या दादांनो, मनापासून आभार!

मलेशियात डिसेंबरचा पूर एरवी पूर्व किनाऱ्याचा. १८ डिसेंबर २०२१ला मात्र पश्चिमेकडच्या क्लांग खोऱ्यात, म्हणजे क्वालालंपूरच्या परिसरात, पाऊस थांबेचना आणि शाह आलम शहरातली आमची वस्ती, तामान श्री मुदा, बुडाली. सासूबाई, पोरं, आम्ही दोघं वरच्या मजल्यावर. खाली फ्रीज आडवा होऊन तरंगतोय! (हप्ते अजून चालू होते त्याचे.)

स्वतःची मासेमारीची होडी घेऊन आलेल्या दोघा दादांनो, तुम्ही आईंना खिडकीतून अलगद उतरवून घेतलंत. पैसे काढले, तर हसून मान हलवलीत. निवाऱ्यात आई शाकाहारी आहेत कळताच गुरुद्वाऱ्यातून आलेला डाळभात शोधून आणणाऱ्या मलय ताई, तुमचेही उपकार फिटायचे नाहीत. नावं विचारायचं राहूनच गेलं. कुणी ओळखत असाल त्यांना, तर निरोप द्या: घरी जेवायला बोलावलंय.