फुकट कॉलचा फोन: हिशेब हँडसेटमध्ये नसतोच

महोदय,

‘सॉफ्टवेअर मारलेला’ फोन घेतला की कायमचे कॉल फुकट, ही वावडी लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत फिरते आहे. ती तांत्रिकदृष्ट्या खोटी आहे.

सिमकार्डात १२८ बिटांची गुप्त किल्ली असते आणि तीच कंपनीच्या केंद्रातही नोंदलेली असते. फोन नेटवर्कवर येताना केंद्र एक आकडा पाठवतं, सिम किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतं. ते जुळलं तरच प्रवेश. पुढे कॉलची वेळ मोजतं कंपनीचं स्विच, म्हणजे कॉल जोडणारं यंत्र. प्रीपेडची शिल्लकही कंपनीच्या सर्व्हरवर असते. ती संपली की कॉल तिथूनच तुटतो. बल्ब बदलून विजेचा मीटर थांबत नाही.

अफवेचं मूळ बहुधा अमेरिकेतलं. तिथल्या ॲनालॉग फोनचा क्रमांक हवेतून उघडाच जाई. १९९० च्या दशकात तो चोरून दुसऱ्या फोनमध्ये भरत. तेव्हाही कॉल फुकट नव्हते, बिल मूळ मालकाच्या माथी बसे. आपल्याकडे १९९५ साली मोबाइल आला तोच जीएसएमवर, म्हणजे वर सांगितलेल्या सिमकार्डाच्या डिजिटल पद्धतीवर. जुन्या सिममधली, किल्लीवरून उत्तर काढण्याची कॉम्प-१२८ ही पद्धत १९९८ साली फोडली गेली हे खरं. पण त्यासाठी मूळ सिम हातात लागे.

मग विक्रेता दाखवतो ते काय? बहुतेक वेळा त्याच्या सिमवर अमर्याद कॉलचा पॅक असतो, म्हणून शिल्लक हलत नाही. किंवा वायफायवरून ॲपचा कॉल लावलेला असतो. पॅक नसलेलं, शून्य शिल्लक असलेलं आपलं सिम घाला, वायफाय बंद करा आणि साधा कॉल लावायला सांगा. पुढची बोलणी आपोआप आटपतील.

अशा फोनमध्ये खरोखर बदललेला असू शकतो तो आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक. एकच क्रमांक अनेक फोनमध्ये भरलेला असेल आणि त्यातला एखादा चोरीचा म्हणून बंद झाला, तर आपलाही बंद पडतो. शिवाय ही छेडछाड दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुना फोन घेताना *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहा, खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या क्रमांकाशी ताडा. मग इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरातलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं नाही, तर पैसे देऊ नका.

— एक दूरसंचार तंत्रज्ञ, दादर, मुंबई