रांगेत उभे राहिल्यावर कळणारी किंमत

जुन्या रॉक बँडच्या पुनर्मीलन मैफलींच्या तिकीटदरांविषयीचा लेख वाचला. ‘मागणी तशी किंमत’ हे त्यातले समर्थन पटले नाही. ईगल्स हा अमेरिकन रॉक बँड १९९४ मध्ये चौदा वर्षांनी एकत्र आला, तेव्हाही तिकिटे शंभर डॉलरच्या वर गेली आणि टीका झाली. पण ती किंमत आधीपासून माहीत होती.

ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या पुनर्मीलन मैफलींची ब्रिटनमधील तिकीटविक्री ३१ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा तसे नव्हते. चाहते तासन्तास ऑनलाइन रांगेत, पडद्यावर सरकणाऱ्या आपल्या क्रमांकाकडे डोळे लावून बसले. नंबर लागला तेव्हा सुमारे १५० पौंडांचे उभ्याने पाहण्याचे तिकीट ३५५ पौंडांना समोर आले, आणि निर्णयाला हातात मोजकी मिनिटे. स्वस्त तिकिटे आधी संपवून तशीच जागा महाग विकली गेली आणि हे रांगेतल्यांना सांगितलेच नव्हते, असा ठपका पुढे तिथल्या बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाने ठेवला. बाजारात गिऱ्हाईक भाव विचारूनच थांबते. इथे थांबल्यावर भाव कळतो. ही फसगतच आहे.

कलाकारांचा इलाज चालत नाही, हेही खरे नाही. द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात मागणीप्रमाणे बदलणारे दर नाकारले, काही तिकिटे वीस डॉलरला ठेवली आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीने लावलेल्या जादा शुल्कातला काही भाग प्रेक्षकांना परत मिळवून दिला. विक्री सुरू होण्यापूर्वी सर्व दर आणि प्रत्येक दराची किती तिकिटे आहेत, हे जाहीर करणे आयोजकांवर कायद्यानेच बंधनकारक करावे.

– एक संगीतप्रेमी वाचक